ताळा न घेतलेली प्रत
घरच्या संगणकावरील माहितीचे जतन आणि पुनर्प्राप्ती

बँकेत काम करणाऱ्या माणसाला ताळा जुळण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. दिवसअखेर रोकड आणि हिशेब यांत एका रुपयाचा फरक आढळला, तरी तो सापडेपर्यंत रोखपाल जागचा उठत नाही. ही शिस्त आमच्या अंगवळणी पडली आहे, असे आम्ही अभिमानाने म्हणतो. तथापि कार्यालयात पाळलेली शिस्त घराच्या उंबरठ्याआत आपण कितपत नेतो, याचा विचार एका कटू अनुभवाने मला करावयास लावला. त्या अनुभवातून जे शिकावे लागले, ते वाचकांना तसा अनुभव न येताच उपयोगी पडावे, यासाठी हा लेखप्रपंच.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, २००३ साली शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी हौसेने घरी संगणक घेतला. टंकलेखन ते स्वतःच शिकले. त्या वेळी माझी आजी हयात होती. तिला जात्यावरच्या शेकडो ओव्या मुखोद्गत होत्या. अण्णा तिच्याजवळ बसत, ती म्हणे ते ध्वनिमुद्रित करीत आणि मग एकेक ओवी संगणकावर टंकित करीत. २००९ साली आजी गेली, तोवर हे काम चालू होते. पुढे २०१४ साली अण्णाही गेले. संगणकावरचे ‘आईच्या ओव्या’ हे फोल्डर मात्र तसेच राहिले. कधीतरी निवांतपणे ते छापून घ्यावे, असे मी मनाशी ठरविले होते.

२०१८च्या पावसाळ्यात संगणकातून टकटक असा आवाज येऊ लागला आणि तिसऱ्या दिवशी तो सुरूच होईना. हार्ड डिस्क निकामी झाली होती. घरातील सर्वजण चिंतेत पडले. मी मात्र शांत होते. कारण दीड वर्षापूर्वी मी एक बाह्य हार्ड डिस्क विकत आणून तिच्यावर संगणकाच्या पडद्यावरील झाडून सारे उतरवून घेतले होते. ती डिस्क मी दुसऱ्या संगणकाला जोडली. ‘आईच्या ओव्या’ तेथे दिसले. उघडावयास गेले, तर उघडेना. त्या चित्राच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण होता. मी ज्याची प्रत घेतली होती, तो निव्वळ शॉर्टकट होता. मूळ फोल्डर अण्णांनी डी ड्राइव्हवर ठेवले होते आणि पडद्यावर केवळ तेथे नेणारी खूण होती. घराऐवजी मी घराचा पत्ता जतन केला होता. डिस्कच्या तबकड्यांवर चरे पडल्याने दुरुस्ती करणाऱ्यांनीही हात टेकले.

बँकेत एका रुपयाच्या फरकासाठी रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्या मला, दीड वर्षात ती प्रत एकदाही उघडून पाहण्याची बुद्धी झाली नव्हती.

यंत्र बंद पडते, हा नियमच

आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क १९५६ साली तयार केली. पन्नास मोठ्या तबकड्यांच्या त्या धुडावर सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आजच्या भ्रमणध्वनीने काढलेल्या एखाद्या छायाचित्रालाही तेवढी जागा लागते. आकार पालटला, तरी तत्त्व तेच राहिले. घरगुती हार्ड डिस्कमधील तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचन करणारे शीर्ष तिच्यावर केसाच्या जाडीच्याही अत्यल्प अंशाइतक्या अंतरावर तरंगत असते. एक धक्का, धुळीचा एक कण किंवा विजेचा एक झटका पुरेसा होतो.

नव्या संगणकांत फिरणारे भाग नसलेली एसएसडी असते. ती वेगवान आणि धक्के सोसणारी असली, तरी चिरंजीव नव्हे. ती पुष्कळदा पूर्वसूचना न देता बंद पडते. शिवाय पुसलेल्या फाइलींची जागा ती स्वतःच साफ करून ठेवीत असल्याने, चुकून पुसलेले परत मिळण्याची शक्यता हार्ड डिस्कपेक्षा तिच्यात कमी असते. चोरी, आग, पूर आणि आपल्याच हातून होणारी चूक ही कारणे निराळीच. सबब यंत्र बिघडेल का, हा प्रश्न नसून ते बिघडेल त्या दिवशी आपल्या हाती काय असेल, हा आहे.

बॅकअप वाटते, पण नसते

माझी फसगत शॉर्टकटने झाली. इतरांची अन्य प्रकारे होताना मी पाहिली आहे.

एकाच डिस्कचे सी आणि डी असे भाग करून एकावरील मजकूर दुसऱ्यावर उतरविणे म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क गेली की दोन्ही भाग जातात. जागा करण्यासाठी छायाचित्रे बाह्य डिस्कवर हलविणे हाही बॅकअप नव्हे. प्रत तेव्हाही एकच राहते, फक्त तिचा पत्ता बदलतो. विंडोजमधील ‘सिस्टिम रिस्टोअर’ या सोयीच्या नावामुळे अनेकांचा गैरसमज होतो. ती संगणकाची व्यवस्था पूर्वस्थितीत नेते. आपली हरवलेली पत्रे किंवा छायाचित्रे परत आणणे हे तिचे काम नव्हे.

सर्वांत मोठा भ्रम ‘क्लाउड’विषयी आहे. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह यांसारख्या सेवा उपयुक्त आहेतच. परंतु त्यांचे मुख्य काम समक्रमणाचे, म्हणजे संगणकावर जे आहे तेच तिकडे दाखविण्याचे आहे. आपण येथे फाइल पुसली, की ती तेथूनही जाते. दोन्ही सेवांच्या कचरापेटीत ती साधारणतः ३० दिवस राहते आणि मग कायमची नाहीशी होते. दोन महिन्यांनी चूक ध्यानात आली, तर उपाय नसतो.

मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रणालीने सुमारे दीडशे देशांतील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या. असा हल्ला संगणकाला त्या क्षणी जोडलेल्या बाह्य डिस्कलाही सोडत नाही. म्हणून बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीलाच लटकविणे होय. काम झाले की ती काढून ठेवावी.

तीन, दोन, एक

मग योग्य पद्धत कोणती? पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला ३-२-१ हा नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे. महत्त्वाच्या माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतील किमान एक प्रत घराबाहेर, अन्य ठिकाणी असावी. घरगुती वापरासाठी त्याचा अर्थ असा की, एक प्रत संगणकावर, दुसरी बाह्य डिस्कवर आणि तिसरी क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या आप्ताकडे ठेवावी. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यास सोयीचा असला, तरी दीर्घकाळच्या जतनासाठी त्यावर विसंबू नये.

घराबाहेरच्या प्रतीचे महत्त्व मुंबईकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अशा पुरात तळमजल्यावरील संगणक आणि त्याच टेबलाच्या खणात ठेवलेली बाह्य डिस्क एकाच पाण्यात बुडतात. डिसेंबर २०१५मध्ये चेन्नईने आणि ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूरने हेच पाहिले. बँकांचे राखीव माहिती केंद्र मुख्य केंद्रापासून दूरच्या शहरात, शक्यतो वेगळ्या भूकंपक्षेत्रात असते, ते याच कारणासाठी. संगणकीकरणाच्या आरंभीच्या काळात शाखेतील दिवसअखेरच्या बॅकअपची एक प्रत जवळच्या दुसऱ्या शाखेत ठेवण्याची पद्धत होती, असे आमचे ज्येष्ठ सहकारी सांगतात. साधने पालटली, पण तत्त्व कायम आहे.

या संदर्भात पिक्सार या अमेरिकन चित्रपट कंपनीची हकिकत उद्बोधक आहे. १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेमुळे त्याच्या फाइली पाहता पाहता पुसल्या जाऊ लागल्या. कंपनीकडे बॅकअपची व्यवस्था होती. पण ती नीट चालत नसल्याचे तोवर कोणाच्या ध्यानात आलेले नव्हते. चित्रपट वाचला, तो गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकामुळे. तान्ह्या बाळामुळे घरून काम करीत असल्याने त्यांनी चित्रपटाची एक प्रत घरी ठेवली होती. एवढ्या मोठ्या कंपनीची प्रत फसली आणि घरच्या संगणकावरची तरली. पहिली कोणी तपासली नव्हती. दुसरी रोजच्या वापरात असल्याने ती उघडते, हे ठाऊक होते.

ताळा कसा घ्यावा?

येथे या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येते. बॅकअप घेणे हे अर्धे काम आहे. जोवर त्यातील माहिती परत काढून पाहिलेली नाही, तोवर ती प्रत आहे असे मानण्याचा आपल्याला अधिकार नाही. बँका ठरावीक काळाने राखीव केंद्रावरून प्रत्यक्ष कामकाज चालवून पाहतात. घरी इतका खटाटोप नको. पुढील चार गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे बेरीज जुळविणे. मूळ फोल्डर आणि प्रतीचे फोल्डर या दोहोंवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहावे. फाइलींची संख्या आणि ‘साइज’ हा आकडा दोन्हीकडे सारखा असावा. त्याखालचा ‘साइज ऑन डिस्क’ हा आकडा डिस्कच्या रचनेनुसार बदलतो. त्याने गोंधळून जाऊ नये. मी एवढे जरी केले असते, तरी ध्वनिफितींसह भलेमोठे असावयास हवे ते फोल्डर अवघ्या एक-दोन किलोबाइटचे कसे, हा प्रश्न मला त्याच दिवशी पडला असता.

दुसरी गोष्ट चाचणी तपासणीची. तेरीज जुळली म्हणजे प्रत्येक नोंद बिनचूक असतेच असे नाही, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवितात. लेखापरीक्षक म्हणून काही नोंदी निवडून मूळ पावतीपर्यंत जातो. त्याचप्रमाणे प्रत्येक फोल्डरमधील सर्वांत जुनी, सर्वांत नवी आणि सर्वांत मोठी अशा तीन फाइली प्रत्यक्ष उघडाव्यात. छायाचित्र पूर्ण दिसते का, ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत वाजते का, पत्राची अखेरची ओळ वाचता येते का, हे पाहावे.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष पुनर्प्राप्ती. विंडोजमध्ये ‘फाइल हिस्टरी’ ही सोय २०१२ सालच्या विंडोज ८पासून आहे आणि विंडोज ११मध्येही ती कंट्रोल पॅनेलमध्ये सापडते. बाह्य डिस्क जोडून ती सुरू केली, की ठरावीक अंतराने ती बदललेल्या फाइलींच्या प्रती घेते आणि जुन्या आवृत्त्याही राखते. मात्र ती आपण होऊन डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा नेहमीच्या फोल्डरांचीच दखल घेते. डी ड्राइव्हवर स्वतंत्रपणे ठेवलेले फोल्डर तिच्या यादीत आपण समाविष्ट करावे लागते. परत काढताना ‘रिस्टोअर पर्सनल फाइल्स’ येथे जाऊन हवी ती तारीख आणि फाइल निवडावी व ‘रिस्टोअर टू’ वापरून ती ‘चाचणी’ अशा नव्या फोल्डरमध्ये काढावी. मूळ फाइलीवर थेट पुनर्स्थापना करू नये. प्रत सदोष निघाली, तर चांगली मूळ फाइलही हातची जाते. मॅक वापरणाऱ्यांसाठी याच धर्तीची ‘टाइम मशीन’ ही सोय २००७ सालापासून आहे.

चौथी गोष्ट म्हणजे दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणे. ज्या दिवशी बॅकअपची गरज भासेल, त्या दिवशी आपला संगणक नसेल, हे गृहीत धरावे. शेजारच्या किंवा नातलगाच्या संगणकावर ती डिस्क उघडली, तरच परीक्षा उत्तीर्ण. महिन्यातून एकदा चाचणी तपासणी आणि वर्षातून एकदा संपूर्ण परीक्षा घेऊन डिस्कवर चिकटविलेल्या चिठ्ठीवर तारीख लिहावी.

उघडली, पण वाचता येईना

ओव्यांची गोष्ट अजून संपलेली नाही. डिस्क गेल्याची हळहळ मी इंदूरच्या आत्याला दूरध्वनीवर बोलून दाखविली. ती म्हणाली, “अगं, अण्णाने २००७च्या दिवाळीत मला एक सीडी पाठविली होती. आईचा आवाज आहे म्हणाला होता. देवघराच्या कपाटात असेल बघ.” आठवड्याभरात ती सीडी माझ्या हाती आली. तिच्यातील दोन ध्वनिफिती वाचता आल्या नाहीत, बाकीच्या वाजल्या. नऊ वर्षांनी आजीचा आवाज घरात घुमला, तेव्हा आई तेथून उठून आत निघून गेली.

लिखित ओव्यांच्या फाइलीही उघडल्या. परंतु पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थहीन खच दिसला. फाइली सडल्या, असेच मला वाटले. एका सहकाऱ्याने पाहताक्षणी सांगितले की, हा जुन्या मराठी फाँटचा प्रकार आहे. त्या काळचे अनेक मराठी फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवीत. संगणक आत रोमन अक्षरांचेच संकेत साठवी. तो विशिष्ट फाँट असेल तरच मराठी दिसे. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतंत्र संकेत असल्याने ही अडचण येत नाही. गावातील एका जुन्या डीटीपी व्यावसायिकाकडे तो फाँट निघाला आणि अण्णांचे शब्द पुन्हा दिसू लागले. ते सर्व मी युनिकोडमध्ये उतरवून घेतले.

तात्पर्य, फाइल मिळणे आणि ती वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांचे जुने मराठी लेखन संगणकात असेल, त्यांनी तो फाँट चालू असलेला संगणक हाताशी असतानाच त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे आणि त्या फाँटसह पीडीएफ प्रतही काढून ठेवावी. जुन्या सीडींवरील मजकूर त्या वाचल्या जात आहेत तोवर नव्या साधनावर घ्यावा. सीडीवरील थर कालांतराने खराब होतो आणि नव्या संगणकांत सीडी वाचणारे यंत्रही सहसा नसते.

कुलपाचाही असाच विचार करावा. अनेक नव्या विंडोज संगणकांत डिस्क आपोआप सांकेतिक रूपात साठविली जाते. काही मोठी दुरुस्ती झाली, की संगणक ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागतो. ती नसेल, तर धडधाकट डिस्कवरील माहितीही मिळत नाही. ती किल्ली आजच शोधून कागदावर उतरवावी आणि महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. बाह्य डिस्कवर आधार, पॅन यांच्या प्रती असतील, तर त्या डिस्कलाही सांकेतिक कुलूप घालावे. बँकेचा पिन आणि पासवर्ड मात्र कोणत्याही प्रतीत साध्या लिखित स्वरूपात ठेवू नयेत.

अपघात घडल्यावर

फाइल चुकून पुसली गेल्यास प्रथम कचरापेटी पाहावी. तेथे नसल्यास त्या संगणकावर नवे काही साठवू नये. नवा मजकूर पुसलेल्याच्या जागी बसतो. डिस्कमधून विचित्र आवाज येत असल्यास संगणक तत्काळ बंद करावा. पुन्हापुन्हा सुरू करून पाहण्याच्या नादात चरे वाढतात. माझ्याकडून तेच झाले. खंडणीखोर प्रणालीचा संशय असल्यास इंटरनेट तोडावे आणि संगणक स्वच्छ झाल्याची खात्री होईपर्यंत बॅकअपची डिस्क त्याला जोडू नये. शक्य असल्यास त्या डिस्कची आधी दुसऱ्या सुरक्षित संगणकावर प्रत घ्यावी आणि तिच्यातून पुनर्प्राप्ती करावी. विंडोज १०चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अनेकजण नवा संगणक घेत आहेत. नव्यावर सारे उघडून पाहिल्याशिवाय जुना पुसू नये किंवा विकू नये.

नामनिर्देशन

खात्याला नामनिर्देशन करा, असे आम्ही ग्राहकांना नेहमी सांगतो. घरच्या माहितीलाही तेच लागू आहे. प्रती कोठे आहेत, कोणत्या डिस्कवर काय आहे, किल्ली कोठे ठेवली आहे, हे घरातील आणखी एका व्यक्तीला ठाऊक असावे. गूगलच्या नियमानुसार दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते काढून टाकले जाऊ शकते. त्याच सेवेत ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. आपले खाते दीर्घकाळ निष्क्रिय राहिल्यास कोणाला कळवावे आणि कोणती माहिती द्यावी, याची नोंद तेथे आधीच करता येते. अण्णांनी सीडी कोणाला पाठविली, हे त्यांच्याखेरीज फक्त आत्यालाच ठाऊक होते. मी दूरध्वनी केला नसता, तर ती आजही देवघराच्या कपाटातच राहिली असती.

२००७नंतर आजीने सांगितलेल्या ओव्या मात्र मिळाल्या नाहीत, त्या नाहीतच. अखेरच्या आजारपणात ती अण्णांना रोज एक ओवी सांगत असे, एवढेच आईला आठवते. त्या कोणत्या, हे सांगणारे आता कोणीही उरलेले नाही.

२०११ सालापासून ३१ मार्च हा दिवस जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. आम्हा बँक कर्मचाऱ्यांना या तारखेचे महत्त्व निराळे सांगावयास नको. वर्षभराचे हिशेब आपण त्या दिवशी मिटवितो. त्याच सुमारास घरच्या संगणकाचेही वार्षिक लेखापरीक्षण करण्याची प्रथा प्रत्येक कुटुंबाने पाडावी. मात्र पहिल्या परीक्षेसाठी मार्चची वाट पाहू नये. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो. हा अंक बाजूला ठेवल्यावर आपली बाह्य डिस्क शोधावी, संगणकाला जोडावी आणि आपल्याला सर्वांत प्रिय असलेली एक फाइल उघडून पाहावी. ती उघडली, तर चिठ्ठीवर आजची तारीख लिहावी. न उघडली, तर मूळ फाइल अजून संगणकावर आहे, तोवरच तिची खरी प्रत करून घ्यावी.